गुऱ्हाळासाठी कॅमेरा: खिशातला की गळ्यातला?

मला कॅमेरा हवा होता तो गुऱ्हाळासाठी. माझ्या माहेरी, करवीर तालुक्यात, आमचं गुऱ्हाळ अजून चालू आहे. दिवाळीच्या आसपास चुलवाण पेटतं ते उन्हाळा तोंडावर येईपर्यंत. आजूबाजूची बरीच गुऱ्हाळं माझ्या डोळ्यांदेखत बंद पडली. ऊस कारखान्याला जातो, कामाला माणसं मिळत नाहीत, आणि चांगला गुळव्या मिळणं तर त्याहून अवघड. आमच्याकडचे गुळवे तात्या आता सत्तरीला टेकलेत. काहिलीतला उकळता पाक पाण्यात टाकून, बोटांत चेपून, “झालं, उतरवा” म्हणणारा हा माणूस. त्यांचं काम मळी काढण्यापासून गार करायच्या वाफ्यात गूळ ओतण्यापर्यंत नीट टिपून ठेवायचं, असं गेली काही वर्षं मनात होतं.

फोनवर आधी भरपूर काढून झालं होतं. उन्हात, अंगणात, सणावाराला फोनचे फोटो उत्तम येतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण गुऱ्हाळात पहाटे जेमतेम उजेड, वर वाफेचा लोट, खाली चुलवाणाच्या तोंडाशी भगभगता जाळ. अशा ठिकाणी फोन एकापाठोपाठ बरेच फोटो घेऊन त्यांचा एक करतो. हलणारा हात त्यात पुसट होतो, आणि अंधार एवढा उजळून निघतो की पहाट आहे की दुपार तेच कळत नाही. मला तो अंधार हवा होता आणि त्यात तात्यांचा हात स्पष्ट हवा होता.

बजेट चाळीस हजारांचं. मी शाळेत विज्ञान शिकवते, फोटोग्राफी हा काही माझा धंदा नाही, त्यामुळं याहून जास्त ताणायचं नव्हतं. विचारायला सुरुवात केल्यावर ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, “डीएसएलआर घे.” म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा. लग्नाच्या ऑर्डरी घेणारा माझा मावसभाऊ तर म्हणाला, “ताई, सेन्सर मोठा, विषय संपला!” सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याच्या आतला उजेड टिपणारा भाग. भाच्याकडं कॅननचा १५००डी आहे, २०१८ साली आलेलं मॉडेल, सोबत मिळणारी १८-५५ ची किट लेन्स. “मावशी, हाच घे, मी सगळं शिकवतो,” असं त्याचं चाललेलं.

दुसरा पर्याय पुढं आला तो खरी कॉर्नरजवळच्या एका बोळात. तिथल्या कॅमेरा स्तंभावरून मी लहानपणापासून जाते. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातानं घडवला तो या कोल्हापुरात, १९१८ च्या सुमारास, आणि त्याचीच आठवण म्हणून तो स्तंभ उभा आहे. कॅमेऱ्याचं पोट उघडून आत काय चाललंय ते समजावून सांगणारी माणसं आपल्या गावात अजून भेटतात, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. त्यांतलेच एक दुरुस्तीवाले काका. त्यांच्याकडं सोनीचा आरएक्स१०० मार्क ३ विकायला आला होता. २०१४ चं मॉडेल, बॅटरीसकट २९० ग्रॅम, जीन्सच्या खिशात मावेल एवढा. भाच्याचा १५००डी किट लेन्स लावून पावणेसातशे ग्रॅमच्या घरात जातो. काकांनी थोडी रक्कम ठेवून घेतली आणि म्हणाले, “न्या, वापरून बघा. जिथं फोटो काढायचेत तिथंच बघा, दुकानात बघून काय कळत नाही.”

त्यांचा हा सल्ला मला मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांत मोलाचा होता.

घरी आल्यावर आधी वहीत हिशेब मांडला. १५००डीचा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे ३३२ चौरस मिलिमीटर. आरएक्स१०० मध्ये एक इंची म्हणून ओळखला जाणारा सेन्सर असतो, पण तो प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर. मावसभावाचं म्हणणं इथवर खरं होतं: डीएसएलआरचा सेन्सर जवळजवळ पावणेतीन पट मोठा. पण सेन्सरवर उजेड पडतो तो लेन्समधून. किट लेन्स सगळ्यात रुंद टोकाला उघडते एफ/३.५ पर्यंत, आणि या छोट्या कॅमेऱ्याची लेन्स एफ/१.८ पर्यंत; हा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. उजेड या आकड्यांच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळं ३.५ भागिले १.८, त्याचा वर्ग, म्हणजे सुमारे पावणेचार. सेन्सरच्या दर चौरस मिलिमीटरला छोट्या कॅमेऱ्यात पावणेचार पट उजेड. क्षेत्रफळात जेवढं गमावलं, तेवढं लेन्सनं भरून काढलं आणि वर थोडं शिल्लक राहिलं.

झूम केल्यावर हे गणित थोडं इकडंतिकडं होतं. आरएक्स१०० ची एफ/१.८ अगदी रुंद टोकालाच मिळते, जरा पुढं सरकलं की एफ/२.८ वर येते. त्या मधल्या टप्प्यात किट लेन्स किंचित सरस ठरते. आणखी पुढं गेलं की किट लेन्स एफ/५, एफ/५.६ पर्यंत मिटत जाते आणि छोटा कॅमेरा २.८ वरच थांबतो, तेव्हा पुन्हा बरोबरी. मागची पार्श्वभूमी धूसर होण्याचंही असंच. एका वाक्यात सांगायचं तर किट लेन्सवरचा डीएसएलआर आणि चांगल्या लेन्सचा एक इंची कॉम्पॅक्ट (म्हणजे खिशात मावणारा छोटा कॅमेरा) यांच्यात अंधारात उन्नीस-बीसचाच फरक आहे. नुसता सेन्सर बघून कॅमेरा निवडणं म्हणजे टाकी केवढी ते बघायचं आणि नळाकडं बघायचंच नाही.

अर्थात हे एक इंची सेन्सरच्या कॉम्पॅक्टबद्दल झालं. कॉम्पॅक्ट या नावाखाली ज्यांचा सेन्सर जेमतेम सहा बाय साडेचार मिलिमीटरचा असतो असे कॅमेरेही येतात. पंधरा-वीस पट झूम दाखवून ते विकले जातात. अंधारातल्या कामासाठी ते बघूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, त्यापेक्षा हातातला फोन बरा. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला पण लेन्स बदलता येणारा कॅमेरा, तोही बघितला, कारण नवीन डीएसएलआर येणं आता जवळजवळ थांबलंय. पण माझ्या पैशांच्या आसपासचा कॅननचा आर१००, २०२३ चा, त्याच्यासोबत येणारी १८-४५ ची लेन्स सुरू होते तीच एफ/४.५ पासून. आणखी बंद नळ. तो विषय मी तिथंच मिटवला.

मग दोन्ही कॅमेरे घेऊन गावाकडं गेले.

डिसेंबरची पहाट, बाहेर कडाक्याची थंडी आणि गुऱ्हाळाच्या छपराखाली घाम फुटेल असा उबारा. आत शिरल्याबरोबर दोन्ही लेन्सवर धुकं चढलं. हे होणारच. कॅमेरा बंद पिशवीत ठेवून आतल्या हवेशी जुळू द्यावा लागतो, वीसेक मिनिटं तरी. तोवर पहिली काहील उकळीला आली होती. भेंडीच्या पाण्यानं मळी वर येत होती आणि तात्या लांब दांड्याच्या झाऱ्यानं ती काठाकडं ओढून काढत होते. मला चौकटीत तात्या हवे होते, अख्खी काहील हवी होती आणि मागं चिपाडं सारणारा पोरगाही. पाठीमागं भिंत, त्यामुळं मागं सरकायला जागा नाही. किट लेन्सचं १८ मिलिमीटरचं टोक त्या सेन्सरवर २९ मिलिमीटरसारखं वागतं, छोटा कॅमेरा २४ पासून सुरू होतो; हा आकडा जितका लहान, तितकी चौकट रुंद. ऐकताना पाच मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण भिंतीला पाठ टेकली की चिपाडं सारणारा पोरगा एका कॅमेऱ्यात येतो आणि दुसऱ्यात येत नाही.

दोन्हींवर शटर १/६० सेकंदाला ठेवलं. छोट्यावर एफ/१.८ ला आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, वाढवला की फोटोत दाणे वाढतात) ८०० पुरला, मोठ्यावर एफ/३.५ ला ३२०० पर्यंत जावं लागलं. नंतर संगणकावर शेजारी शेजारी लावून बघितलं तर वाफेतला दाणेदारपणा दोन्हींत सारखाच. हिशेबात निघालं होतं तेच डोळ्यांना दिसलं.

फोकसच्या बाबतीत डीएसएलआर पुढं. डोळा लावायच्या खिडकीतून बघताना तो झटकन पकडतो. छोटा कॅमेरा दाट वाफेत पुढंमागं चाचपडतो. त्यावर उपाय म्हणजे झाऱ्याच्या दांड्यावर किंवा काहिलीच्या काठावर फोकस धरायचा, वाफेवर धरायचा नाही. हाताला सवय झाली की जमतं. उलट छोट्याचा पडदा वाकतो, त्यामुळं कॅमेरा डोक्यावर धरून काहिलीत वरून बघता येतं. १५००डीचा पडदा पाठीला घट्ट बसवलेला, आणि पडद्यावरून फोकस करायला तो फार वेळ घेतो.

आवाजाचाही मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त फरक पडला. डीएसएलआरचा आरसा प्रत्येक फोटोला वर आपटतो. ‘खटॅक’ झालं की तात्या मान वर करायचे, “आता कशाचा काढलास गं?” म्हणायचे आणि पदर सारखा करावा तसा मुंडाश्याला हात लावायचे. छोट्या कॅमेऱ्याचं शटर लेन्सच्या आतच असतं, त्याचा आवाज काहिलीच्या खदखदीत ऐकूही येत नाही. पाक बोटांत चेपून बघतानाचा तात्यांचा चेहरा मला मिळाला तो याच कॅमेऱ्यात. भुवया आत ओढलेल्या, ओठ मिटलेले, नजर बोटांवर आणि अंगठ्याच्या नखाशी पाकाची एक लहानशी गोळी.

आता कुस्तीच्या तालमीची गोष्ट. भाचा ज्या तालमीत जातो, तिथल्या वस्तादांनी फोटोला परवानगी दिली, पण मी हौद्यापासून लांब, दाराशीच थांबायचं ठरलं. तिथली शिस्त पाळूनच काम करायचं होतं. मावसभावानं त्याची ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स दिली. कॅननची ही लेन्स २०१५ सालापासून मिळते, वजन जेमतेम १६० ग्रॅम, किंमतही लेन्सच्या मानानं आवाक्यातली. १५००डीवर ती ८० मिलिमीटरसारखी काम करते. दाराशी उभं राहून मी दोन पोरांच्या झटापटीवर रोखली. वर कौलांतल्या काचेतून येणारा एकच उजेडाचा पट्टा, तांबडी माती खांद्यांवर चिकटलेली, एकाच्या मनगटावर दुसऱ्याची पकड आणि पकडीखाली कातडीला पडलेल्या सुरकुत्या. १/२५० ला सगळं थिजलं. दातांत आलेली माती दिसत होती.

त्याच जागेवरून छोट्या कॅमेऱ्यानं, पूर्ण झूम करून एफ/२.८ वर, हात फिस्कटले. त्याचंही गणित सांगते. लेन्सच्या उघडण्यात जवळजवळ अडीच पट, सेन्सरच्या आकारात पावणेतीन पट, गुणाकार केला की सेन्सरवर एकूण सातपटीच्या आसपास उजेड. हा फरक कुठल्याही सॉफ्टवेअरनं भरून निघत नाही. डीएसएलआरची खरी ताकद मला कळली ती इथं: दुसरी लेन्स लावली की. म्हणूनच जो कोणी विचारेल त्याला मी आता पहिला प्रश्न हाच करते की दुसरी लेन्स घेणार आहेस का? घेणार असशील, आज नाही तर वर्षभरात, तर डीएसएलआर डोळे झाकून घे. किट लेन्सवरच दहा वर्षं काढणार असशील तर गळ्यात ते वजन कशाला?

पुढचा मुद्दा जोतिबाचा. चैत्र यात्रेला सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या मानाच्या उंच काठ्या, नाचतात आणि डोंगरावर गुलालाचा पाऊस पडतो, तिथले फोटो मला काढायचेच होते. काकांना विचारलं तर त्यांनी टेबलाचा खण उघडून एक कॉम्पॅक्ट बाहेर काढला. त्याची लेन्स अर्धवट बाहेर येऊन अडकलेली. नळीच्या प्रत्येक कड्याभोवती गुलाबी रेघ बसलेली, आणि भिंगाच्या आतल्या बाजूला नखाएवढा गुलाबी ढग. “हे आत-बाहेर होणारं नळकांडं हवेबरोबर गुलाल ओढून घेतं,” काका म्हणाले. “डीएसएलआरच्या सेन्सरवर पडला तर लेन्स काढून पुसता येतो. ह्याचं सगळं खोलायला लागतं. पण यात्रेत उभं राहून डीएसएलआरची लेन्स बदलशील तर तोही गेला म्हणून समज.” म्हणजे गुलालात दोघांचीही डाळ शिजत नाही. यावर आम्ही जे ठरवलं ते असं: कॅमेरा पारदर्शक पिशवीत, लेन्सपुढं भोक पाडून रबरानं घट्ट, लेन्स एकदा बाहेर काढली की परत आत जाऊ द्यायची नाही, आणि उधळण सुरू झाली की आडोशाला जायचं. तिथं धाडस करण्यात अर्थ नाही.

यात्रेच्या उन्हात मात्र छोट्या कॅमेऱ्याचा एक गुण फार उपयोगी पडतो, आणि तो कुणी सांगत नाही. डोक्यावर सूर्य, फेट्याखाली चेहरा काळवंडलेला, अशा वेळी भरदिवसा फ्लॅश मारायचा असतो. १५००डीचा स्वतःचा फ्लॅश १/२०० सेकंदापर्यंतच शटरशी जुळतो, त्यामुळं लख्ख उन्हात लेन्स बरीच मिटावी लागते आणि फ्लॅशचा जोर पुरत नाही. लेन्समधल्या शटरला ही अडचण नाही. १/१००० ला सुद्धा फ्लॅश जुळतो. दोन हातांवरच्या माणसाचे डोळे फेट्याखालून उजळून येतात आणि मागचं आभाळ निळं राहतं.

परत गुऱ्हाळाकडं वळते, कारण निर्णय शेवटी तिथंच झाला. दोन्ही कॅमेऱ्यांतले निवडक फोटो मी बारा बाय अठरा इंचात छापून आणले. तीनशे डीपीआयनं, म्हणजे दर इंचाला तीनशे ठिपके धरून, त्या आकाराला ५४०० बाय ३६०० ठिपके लागतात. आरएक्स१०० देतो ५४७२ बाय ३६४८, म्हणजे बरोबर पुरतात. १५००डीचे २४ मेगापिक्सेल या आकाराला काही जास्तीचं दाखवत नाहीत. तात्यांपुढं मी सगळे फोटो पोत्यावर पसरले. कुठला कुठल्या कॅमेऱ्यातला ते सांगितलं नाही. त्यांनी एकेक हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि एक बाजूला काढून ठेवला. “ह्यो आपला गूळ न्हवं. पाक करपल्यागत दिसतोय. असला मी आयुष्यात उतरवला न्हाई.”

तो फोटो जाळाच्या उजेडातला होता आणि कॅमेऱ्यानं स्वतःच्या बुद्धीनं रंग लावून त्याला तांबूस केलं होतं. कोल्हापुरी गुळाचा तो सोनेरी पिवळा रंग यावा म्हणून ज्यानं जन्म घालवला, त्याला करपलेला पाक दाखवणं हा त्याच्या कामाचा अपमान आहे. त्या दिवसापासून मी फक्त रॉ फाइलमध्येच, म्हणजे कॅमेऱ्यानं स्वतः रंग न लावलेल्या कच्च्या फाइलमध्येच, फोटो काढते. घमेल्याशेजारी एक पांढरा कागद ठेवून आधी त्याचा फोटो घेते आणि घरी त्यावरून रंग जुळवते. दोन्ही कॅमेरे रॉ देतात, त्यामुळं निवडीत याचा फरक पडला नाही. पण कॅमेरा घेताना रॉ आहे की नाही हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

मी छोटा घेतला. माझे फोटो कामाचे आहेत, म्हणजे माणूस, त्याचं हत्यार आणि त्याची जागा एका चौकटीत हवी असणारे. त्यासाठी रुंद टोक लागतं, आणि तिथं हा कॅमेरा कमी पडत नाही. शाळेच्या पर्समध्ये तो रोज असतो, रंकाळ्यावर फिरायला जाताना असतो, आठवडी बाजारात भाजी घेताना असतो. बॅटरी कमी टिकते, कंपनीच्या आकड्याप्रमाणे ३२० फोटो, १५००डीला ५००. त्यामुळं एक जास्तीची बॅटरी सोबतच घेतली.

घेताना काकांनी तपासायला शिकवलं तेही लिहून ठेवते. एफ/११ ला ठेवून मोकळ्या आभाळाचा फोटो काढायचा. सेन्सरवर धूळ असेल तर काळसर ठिपके दिसतात, आणि कॉम्पॅक्टमध्ये ते सहज निघत नाहीत. मोबाइलचा टॉर्च लेन्सवर तिरका मारून आत जाळीसारखी बुरशी आहे का बघायचं. लेन्स चार-पाच वेळा आत-बाहेर करून करकर ऐकू येते का ते कान देऊन ऐकायचं. जुना डीएसएलआर घेत असाल तर शटर किती वेळा उडालंय तो आकडा विचारायचा. आणि आपल्याकडं पावसाळा कसा असतो ते सगळ्यांनाच माहीत आहे. जून ते सप्टेंबर कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहतो. कापडी बॅगेत, कपाटात ठेवला की बुरशी आलीच. आठवड्यातून एकदा बाहेर काढून तो वापरायचा, म्हणजे लेन्सही चालती राहते.

तालमीतला तो पकडीचा फोटो माझ्या कॅमेऱ्यातून येणार नाही, याची मला जाणीव आहे आणि त्याचं वाईटही वाटतं. बजेटमधून पैसे उरले होते. त्यातून भाच्याच्या वाढदिवसाला ५० ची लेन्स घेऊन दिली. आता तो तालमीत जाताना १५००डी घेऊन जातो, आणि वस्तादांनी बोलावलं की मीही दाराशी जाऊन त्याच्याकडून मागून घेते.